समुद्रांतील लोहदुर्ग व त्यांचें डागडुजीचें दप्तर

सातारा व सांगली या भागांतील जुन्या दप्तरांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस इमारतींच्या व किल्ल्यांच्या डागडुजीचे कागद नवीन नाहींत. चुन्याचा खर्च, गवंड्यांची मजुरी, ढासळलेल्या तटाचा अंदाज, तळ्यांतील गाळ काढल्याची नोंद, असें त्यांचें स्वरूप असतें. राजकारणाच्या पत्रांपुढें या कागदांची किंमत कमी धरण्याची आपल्याकडे चाल आहे. संग्राहक ते बाजूस सारतो, संपादक ते गाळतो, आणि पुढें एखाद्या वास्तूचें वय व बळ ठरविण्याची वेळ आली म्हणजे नेमके तेच कागद हातीं नसतात. डागडुजीचा कागद हा वास्तूच्या अंगाचाच एक भाग होय, आणि तो तिच्यापासून तुटला असतां प्रसंगीं माणसें प्राणांस मुकतात, हें एका अर्वाचीन उदाहरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें उदाहरण म्हणजे मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रांत उभे असलेले खनिज तेलाचे व वायूचे जुने फलाट.

घाटमाथ्यावरील संशोधकांस समुद्रांतील लोखंडाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. परंतु समुद्रांतील बांधकामांचा विचार घाटावर बसून करण्याची परंपरा आपल्या भागास जुनी आहे. सन १७०८ त शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला, आणि सन १७१३-१४ त बाळाजी विश्वनाथ यांनीं कान्होजी आंग्रे यांस महाराजांच्या पक्षास वळविलें. तेव्हांपासून आंग्ऱ्यांकडील जलदुर्गांचे प्रश्न साताऱ्याच्या दरबारीं येऊं लागले. त्याच सुमारास, सन १७१५ त, कोल्हापूरच्या गादीकडून निघालेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्ग व आरमार यांस स्वतंत्र प्रकरणें दिलेलीं आहेत, व त्यांत बांधण्याबरोबर राखण्याचाही विचार आहे. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी वास्तुपरंपरेंतील जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत सातारा जिल्ह्यांतील प्रतापगड आहे, आणि त्याच मालिकेंत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हेही आहेत. खाऱ्या पाण्यांत उभें असलेलें बांधकाम दर पावसाळ्यांत थोडें थोडें झिजतें. ही गोष्ट दगडास जशी लागू, तशी लोखंडासही लागू आहे.

समुद्राकडे वळण्यापूर्वीं आपल्याच मुलखांतील दोन दाखले घेऊं. कारण पाण्यांतील मोठ्या बांधकामाची परीक्षा करण्याची रीत तत्त्वतः सर्वत्र एकच असते. पाटण तालुक्यांतील कोयनेचें धरण सुमारें १०३ मीटर उंच असून रबल काँक्रीटचें आहे. त्याच्या आंखणींत भूकंपाचा विचार केलेला होता. परंतु त्या काळीं हा प्रदेश स्थिर समजला जात असल्यामुळें धक्क्याचें मान अल्प, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या शेंकडा पांच इतकेंच धरलें होतें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे भूकंप झाला आणि सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या आंतील गॅलरींत बसविलेल्या यंत्रानें त्या धक्क्याचा आलेख काढून ठेविला होता. त्यावरून खरा धक्का मूळ हिशेबाच्या कितीतरी पट मोठा असल्याचें सिद्ध झालें. धरणाच्या उंच भागांत, मागील बाजूचा उतार जेथें एकाएकीं बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा आढळल्या. धरण मात्र उभें राहिलें. मागील बाजूनें काँक्रीटचे टेकू देऊन १९७३ पर्यंत तो भाग बळकट करण्यांत आला. सांडव्याच्या भागाचें बळकटीकरण तर पुढें २००६ सालीं पुरें झालें. मूळ आंखणीचा कागद, यंत्राचा आलेख व दुरुस्तीचा वृत्तांत, हे तिन्ही कागद एकत्र वाचल्यावांचून या धरणाचें आजचें बळ कोणासही सांगतां यावयाचें नाहीं.

दुसरा दाखला सांगलीचा. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ सालचा आहे. नदीची उंची त्या पुलाजवळ फुटांनीं मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी, हें सांगलीकरांस पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरांत पाणी ५७ फुटांपर्यंत चढलें. पुराच्या या नोंदी गांवाच्या संरक्षणार्थ ठेवल्या जातात. परंतु त्या पुलास आजवर काय काय सोसावें लागलें याचाही तोच लेखी पुरावा होय.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. तेल व नैसर्गिक वायु आयोग, म्हणजे ओएनजीसी, १९५६ सालीं स्थापन झाला. जपानांत हिरोशिमा येथें १९७३ त बांधलेल्या 'सागर सम्राट' नांवाच्या, समुद्रतळावर पाय टेकून उभें राहणाऱ्या छिद्रणयंत्रानें १९ फेब्रुवारी १९७४ रोजीं मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर तेल शोधून काढलें. १९७६ च्या मेमध्यें तेथून तेल येऊं लागलें. त्या वेळीं या क्षेत्रास बाँबे हाय म्हणत. आज तें मुंबई हाय म्हणून ओळखलें जातें. तेथें पाण्याची खोली सुमारें ७५ मीटर आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथील उत्पादन शिखरास पोंचलें, आणि त्यानंतर तें उतरूं लागलें. मात्र फलाट जागेवरच राहिले. ज्या लोखंडावर भरभराटीच्या काळाचा भार होता, त्याच लोखंडावर आज उतरत्या काळाचाही भार आहे.

फलाट म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जाड पोलादी नळ्यांचा एक सांगाडा किनाऱ्यावर तयार करून समुद्रांत नेऊन उभा करतात. त्याच्या पायांतून लांब पोलादी मेखा तळांत ठोकून तो जखडतात. आणि त्यावर यंत्रांचे व माणसांच्या राहण्याचे मजले चढवितात. विहिरींतून आलेलें तेल व वायु येथें वेगळे करून तळावरील वाहिन्यांनीं उरणाकडे किंवा अन्य फलाटांकडे धाडतात. तळावरून वर येणाऱ्या व वरून खालीं जाणाऱ्या उभ्या नळांस रायझर म्हणतात. पुढील विवेचनांत या रायझरचें महत्त्व दिसून येईल. असा फलाट साधारणतः पंचवीस वर्षें टिकावा अशा हिशेबानें आंखलेला असतो. मुंबई हाय क्षेत्रांतील अनेक फलाटांनीं ती मर्यादा केव्हांच ओलांडली आहे. मर्यादा ओलांडली म्हणजे फलाट निकामी झाला असें नव्हे. परंतु मूळ आंखणीचा कागद एकटा साक्षीस पुरेनासा होतो, आणि त्यापुढें दर वर्षाच्या तपासणीनें नवी साक्ष उभी करावी लागते, हा त्याचा अर्थ.

झीज चार प्रकारांनीं होते. जेथें लाट लोखंडास क्षणांत भिजविते व क्षणांत उघडें टाकते, त्या पट्ट्यांत पाणी व हवा दोन्ही मिळाल्यामुळें गंज सर्वांत अधिक चढतो. खोल पाण्यांत गंज रोखण्याकरितां सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या कांड्या बसवितात. पोलादाऐवजीं त्या आपण झिजतात, आणि झिजून संपल्या कीं बदलाव्या लागतात. लाटांच्या अखंड हेलकाव्यांनीं वेल्डिंगच्या जोडांत बारीक चिरा पडतात, ही दुसरी झीज. ती डोळ्यांस दिसत नाहीं. शिंपले, कालवें व शेवाळ नळ्यांवर चढून त्यांची जाडी वाढवितात, त्यामुळें लाटेचा मार अधिक बसतो, ही तिसरी. पायांजवळील वाळू प्रवाहानें वाहून जाते, ही चौथी. या सर्वांची तपासणी पाणबुडे व दूरून चालविलेलीं यंत्रें करतात. पाणबुडे प्रथम शिंपले खरवडून जोड स्वच्छ करतात. मग चुंबकीय कणांनीं चीर शोधतात, ध्वनिलहरींनीं पोलादाची जाडी मोजतात, आणि बंद नळींत पाणी शिरलें आहे काय हें पाहतात. कोरड्या असावयाच्या नळींत पाणी सांपडलें, म्हणजे कोठें तरी आरपार चीर पडली हें निश्चित. जुन्या पोथीची पानें झटकून, वाळवीचीं भोकें मोजून, शाई तपासून जो निर्णय आपण करतों, तोच हे लोक पाण्याखालीं करीत असतात.

या कामांत वस्तूच्या अंगावरील पुरावा किती बोलका असतो, याचें एक उदाहरण नॉर्वेकडील समुद्रांत मिळतें. २७ मार्च १९८० रोजीं 'अलेक्झांडर कीलँड' नांवाचें, पांच खांबांवर तरंगणारें कामगारांचें निवासस्थान वादळांत उलटलें, व २१२ माणसांपैकीं १२३ दगावलीं. एका आडव्या नळीवर ध्वनियंत्राची बैठक जोडली होती. तिच्या लहानशा वेल्डिंगपाशीं चीर सुरू होऊन ती नळी तुटली होती. तपासणाऱ्यांस त्या भंगलेल्या पृष्ठभागावर रंगाचे अंश आढळले. रंग तर कारखान्यांत दिलेला. अर्थात् वस्तु कारखान्याबाहेर पडण्यापूर्वींच चीर होती. कागदानें जें सांगितलें नाहीं, तें रंगानें सांगितलें. हस्तलिखिताच्या शिवणींत अडकलेल्या धाग्यावरून त्याचें वय ठरविणाऱ्या आमच्या वाचकांस हें प्रमाण पटण्यास अडचण पडूं नये.

याच्या उलट, कागद होता परंतु तो योग्य हातीं पडला नाहीं, असाही दाखला आहे, आणि आमच्या मतें संग्राहकांस तोच अधिक विचारणीय वाटावा. स्कॉटलंडच्या समुद्रांतील 'पायपर आल्फा' हा फलाट मुंबई हायप्रमाणेंच १९७६ त उत्पादनास लागला होता. ६ जुलै १९८८ रोजीं तेथील दोन पंपांपैकीं एका पंपाचा सुरक्षा-पडदा दुरुस्तीस काढून त्या जागीं तात्पुरती झांकणी बसविली होती. त्या पंपासंबंधीं दोन परवाने निघाले होते: एक पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा, जी अजून सुरू व्हावयाची होती, आणि दुसरा हा पडदा काढल्याचा. दोन्ही परवाने एके ठिकाणीं ठेवलेले नव्हते. रात्रीं दुसरा पंप बंद पडला. पाळीवरील माणसांस पहिला परवाना मिळाला, दुसरा मिळाला नाहीं. पंप चालविण्याजोगा आहे असें समजून त्यांनीं तो चालविला, झांकणींतून द्रव वायु गळला, आणि त्या रात्रीच्या आगींत १६७ माणसें मेलीं. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीनें १९९० त १०६ सूचना केल्या. परवान्यांची पद्धत हा त्यांतील एक प्रमुख विषय होता. एकाच प्रकरणाचे दोन कागद दोन रुमालांत गेले, म्हणजे संशोधकाचा एखादा निष्कर्ष चुकतो, एवढीच हानि आपण आजवर जाणत होतों. समुद्रावर त्याच प्रमादाची किंमत याप्रमाणें मोजावी लागली.

मुंबई हायवरील २७ जुलै २००५ ची आपत्ति मात्र आणखी निराळ्या जातीची आहे. आदल्या दिवशीं मुंबईवर अतिवृष्टि होऊन सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. क्षेत्राच्या उत्तर भागांतील मुख्य प्रक्रिया-फलाट १९८१ सालचा असून तो पुलांनीं शेजारच्या फलाटांस जोडलेला होता. पाणबुड्यांच्या कामासाठीं आलेल्या 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरील एका आचाऱ्याच्या बोटांस इजा झाली. हवा वाईट असल्यामुळें हेलिकॉप्टर येऊं शकत नव्हतें. म्हणून त्यास फलाटावर चढविण्याकरितां जहाज जवळ आणलें गेलें. जखमी इसम वर पोंचला. परंतु लाटा-वाऱ्याच्या जोरांत जहाजाचा ताबा सुटून तें फलाटावर गेलें व त्याचा हेलिकॉप्टर उतरण्याचा मंच वायूच्या रायझरवर आदळला. आग लागली, आणि सुमारें दोन तासांत तो फलाट नाहींसा झाला. ३८४ माणसांपैकीं ३६२ वांचलीं, २२ दगावलीं. जहाजावरील दाबाच्या कोठींत राहणारे सहा पाणबुडे लगेच बाहेर येऊं शकत नव्हते. त्यांची सुटका छत्तीस तासांनीं झाली. पुढें १ ऑगस्टास तें जहाजही बुडालें.

या प्रकरणांत गंज किंवा चीर यांस दोष देतां येत नाहीं. रायझर सांगाड्याच्या बाहेरच्या अंगास, जहाजांच्या वाटेवर उघडे होते, आणि धक्का सोसण्याजोगें संरक्षण त्यांस नव्हतें. ही रचना आंखणीच्या दिवसापासूनची होती व ती नकाशांत कोणासही दिसण्याजोगी होती. यावरून असें दिसतें कीं, जुनी वास्तु राखणें म्हणजे केवळ झिजलेला भाग बदलणें नव्हे. मूळ आंखणीमागील गृहीतें वरचेवर काढून वाचणें हाही त्या राखण्याचाच भाग आहे. कोयनेस भूकंपानें तीं गृहीतें वाचावयास लाविलीं. मुंबई हायवर तें काम आगीनें केलें. पुढें २००८ त समुद्रांतील तेलकामाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारनें केले.

राखणाऱ्या माणसांविषयींही येथेंच लिहिणें जरूर आहे. १७ मे २०२१ रोजीं 'तौक्ते' चक्रीवादळांत पी-३०५ नांवाचा तराफा नांगर तुटून बुडाला. फलाटांच्या दुरुस्तीच्या व बांधणीच्या कामावर आलेले लोक त्यावर राहत होते; एकूण २६१ माणसें होतीं व त्यांपैकीं सत्तराहून अधिक मेलीं. फलाट जागेवर राहिले आणि ते राखण्यास आलेलीं माणसें गेलीं. किल्ल्यांच्या इतिहासांत किल्लेदाराचें नांव येतें, तट सावरणाऱ्या बेलदाराचें येत नाहीं. तीच उणीव या नव्या दुर्गांच्या इतिहासांत राहूं नये अशी आमची इच्छा आहे.

येथें एक आक्षेप संभवतो. हल्लीं प्रत्येक तपासणीची नोंद होते, छायाचित्रें व चलच्चित्रें घेतात, सर्व यंत्रांत सांठवितात. मग कागद हरवण्याची भीति कोठें उरली? यास आमचें उत्तर आपल्याच अनुभवाचें आहे. पुण्याचें पेशवे दप्तर कधीं कागदांच्या अभावामुळें दुर्गम नव्हतें, तें त्यांच्या अफाट संख्येमुळें दुर्गम होतें. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून त्यांतून पंचेचाळीस भाग निवडून छापले तेव्हां अभ्यासकांस वाट सांपडली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या पत्रव्यवहाराचें तेंच केलें. सांठविणें निराळें व लावून ठेवणें निराळें. समुद्रावरील नोंदी तर अनेक हातांतून जातात: आंखणारा एक, बांधणारा दुसरा, तपासणारा ठेकेदार तिसरा, आणि दर कांहीं वर्षांनीं नोंद ठेवण्याची रीतही बदलते. २०२५ च्या जानेवारींत ओएनजीसीनें मुंबई हायचें उत्पादन वाढविण्याकरितां बी.पी. या ब्रिटिश कंपनीस तांत्रिक साहाय्यक म्हणून दहा वर्षांकरितां नेमिलें. नवा वाचक आला म्हणजे जुन्या दप्तराची परीक्षा होते. पन्नास वर्षांतील तपासण्या त्यास एका क्रमानें वाचतां आल्या, तर पोलादाचें आयुष्य अनुमानानें न ठरवितां प्रमाणानें ठरेल.

जुनें तें टाकाऊ, असा आमचा पक्ष नाहीं, आणि जुनें तें सर्व राखावें असाही नाहीं. ज्या 'सागर सम्राट'नें १९७४ त तेल शोधलें, त्याचें रूपांतर करून तें २०२२ च्या डिसेंबरांत तेलउत्पादनाचें साधन म्हणून पुन्हां कामास लाविलें गेलें. पन्नाशीस आलेलें लोखंड नीट तपासलें व बदललें तर उपयोगी पडतें, याचें हें प्रत्यक्ष प्रमाण होय. दुसऱ्या बाजूनें, कांहीं फलाट पुढें केव्हां तरी उपटून काढावेच लागतील. किल्ला पडला तरी त्याचें जोतें राहतें. फलाट काढला म्हणजे समुद्रावर त्याची खूण राहणार नाहीं. तो होता, कसा होता व कोणीं राखला, हें सांगण्यास मागें फक्त दप्तर उरेल.

म्हणून आमची संग्राहकांस दोन प्रकारची विनंति आहे. पहिली, जुन्या दप्तरांची छाननी करतांना डागडुजीच्या कागदांस वेगळा रुमाल बांधावा, व त्यांची यादी वास्तुवार आणि कालानुक्रमानें करावी. दुसरी, सातारा व सांगली जिल्ह्यांतील ज्या मंडळींनीं कोयनेवर, कृष्णेच्या पुलांवर किंवा समुद्रावरील फलाटांवर चाकरी केली असेल, त्यांच्या खाजगी रोजनिश्या, छायाचित्रें व टिपणें त्यांच्या संमतीनें मिळवून जतन करावीं. सरकारी किंवा कंपनीच्या मालकीचे कागद अर्थातच यांत येत नाहींत. आज हें टिपण हातीं घेणाऱ्यास तें रुक्ष वाटेल. अमुक जोड घासला, अमुक नळी बदलली, अमुक कांडी अर्धी उरली, एवढेंच त्यांत असावयाचें. परंतु चुन्याच्या व मजुरीच्या ज्या यादींवरून आपण आज एखाद्या तटाचें वय ठरवितों, त्या लिहिणाऱ्या कारकुनासही त्या रुक्षच वाटल्या असतील.